सुट्टी मतदानाची, सहल दिवेआगरची

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी छत्तीस वर्षांचा असून संगणक क्षेत्रात नोकरी करतो. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पुढे, २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या एका गावातील मोठ्या गृहसंकुलात राहतो. आमच्याकडे पाणी टँकरचे, वीज गेल्यास जनरेटर, मुलगी खासगी शाळेत, दवाखाना विम्यावर आणि किराणा दहा मिनिटांत दारात. १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिका मतदानाची सुट्टी गुरुवारी आली, म्हणून शुक्रवारची रजा टाकून आम्ही दिवेआगरला गेलो. माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक आहेत. परतल्यावर ते म्हणाले, "तुझ्यासारख्या माणसांमुळेच हा देश पुन्हा पारतंत्र्यात जाईल. तुम्हाला स्वातंत्र्य नको, सोयी हव्यात." तेव्हापासून घरात अबोला आहे. मी कर वेळेवर भरतो, कायदा मोडत नाही, कोणाकडून फुकट काही घेत नाही. माझ्या खरेदीने देशाचे स्वातंत्र्य धोक्यात कसे येते? आणि माझ्या एका मताने असे काय बिघडले? (एक करदाता, पुणे)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वडिलांचे वाक्य कठोर आहे आणि त्याचा निम्मा भाग मला पटत नाही. माणसाने चांगले घर घ्यावे, मुलीला बऱ्या शाळेत घालावे, चार दिवस समुद्रावर जावे, यात देशाला धोका मुळीच नाही. ज्यांनी तरुणपणी रेशनच्या रांगा आणि गॅसच्या सिलिंडरसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी पाहिली, त्यांना पुढच्या पिढीचे मोकळ्या हाताचे खर्च खुपतात, आणि त्या खुपण्याला ते कधी कधी देशभक्तीचे नाव देतात. तेवढा भाग बाजूला ठेवू. उरलेल्या निम्म्या भागात मात्र ते बरोबर आहेत, आणि त्याचे कारण त्यांनी बोलून दाखवले त्याहून जास्त गंभीर आहे.

तुमच्या पत्रात तुम्ही राहता त्या गावाचा उल्लेख ओझरता आला आहे. मी तिथूनच सुरुवात करतो. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली आणि त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली, नगरसेवकांची पदे संपुष्टात आली आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. समाविष्ट गावांतून नगरसेवक निवडून येण्याआधीच सभागृह रिकामे झाले, म्हणजे २०२१ च्या मध्यापासून जानेवारी २०२६ पर्यंत, साडेचार वर्षे, तुमच्या गल्लीच्या वतीने बोलण्यासाठी निवडून आलेला एकही स्थानिक प्रतिनिधी अस्तित्वात नव्हता. सरपंच नाही, सदस्य नाही, नगरसेवक नाही. या काळात तुमच्याकडून मिळकतकर घेतला गेला, रस्त्याच्या आणि सांडपाण्याच्या योजना ठरल्या, बारा हजार कोटींहून मोठे अंदाजपत्रक एका नियुक्त अधिकाऱ्याने मांडले आणि त्यानेच मंजूर केले. तुमच्या दीड पानी पत्रात टँकरचा, जनरेटरचा, विम्याचा हिशेब आहे. या साडेचार वर्षांबद्दल एक ओळही नाही. दिवेआगरच्या सहलीपेक्षा मला हे अधिक काळजीचे वाटते.

हे केवळ पुण्यात घडले असेही नाही. मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर, पिंपरी-चिंचवड या महापालिकांवर २०२२ पासून प्रशासक होते. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि छत्रपती संभाजीनगर येथे तर २०२० पासून. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेला अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो की पालिकेची मुदत पाच वर्षे असेल आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. निवडणुका लांबण्याची कारणे होती: इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद, प्रभागरचनेत वारंवार झालेले बदल, तारखांवर पडलेल्या तारखा. त्यांतील आरक्षणाचा प्रश्न तर खराच महत्त्वाचा होता. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि तरीही प्रत्यक्ष मतदानाला जानेवारी २०२६ उजाडला. काही कार्यकर्ते आणि संघटना या काळात न्यायालयात गेल्या, पत्रके काढत राहिल्या. पण लाखो करदात्यांच्या शहरांत, आमचे सभागृह आम्हाला परत द्या, अशी मोठी हाक कुठून उठल्याचे मला आठवत नाही. किराण्याची पिशवी दहाऐवजी चाळीस मिनिटांनी आली तर आपण तक्रार नोंदवतो, एकच तारा (स्टार) देतो आणि परतावा मागतो; महापालिका चार वर्षे आली नाही, तर आपण विचारलेही नाही.

स्वातंत्र्य जाते ते असे. तुमच्या वडिलांच्या मनात पारतंत्र्य म्हणजे बाहेरून चाल करून आलेला कोणी असावा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी धास्ती व्यक्त केली होती, ती मुख्यतः आतल्या माणसांविषयी होती. आता काही बिघडले तर दोष द्यायला इंग्रज उरलेले नाहीत, अशा आशयाचा इशारा त्यांनी त्याच भाषणात दिला होता. आपल्याला न विचारता आपला कारभार चालतो, आणि तो चालतो याची आपल्याला हळूहळू सवय होते. ही सवय एकदा अंगवळणी पडली की ती महापालिकेच्या हद्दीपाशी थांबेल असे मानायला काही आधार नाही.

आता तुमच्या टँकरकडे येतो. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात, गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची राज्यातील संख्या दोनशेच्या वर गेली, त्यांतील बहुसंख्य पुणे परिसरातील होते आणि काही जण दगावले. संशय पाण्यावर होता. तपासणी सुरू झाली तेव्हा विहिरीच्या पाण्याबरोबरच खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याचेही नमुने घेतले गेले; त्यांतील काही पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने असे अनेक प्रकल्प बंद केले. ज्यांनी नळाच्या पाण्यावर विश्वास नाही म्हणून पैसे मोजून पाणी घेतले, त्यांनाही त्याच जमिनीतून, त्याच देखरेखीविना काढलेले पाणी मिळत होते. देखरेख ही दुकानात मिळत नाही. ती करणारे खाते लागते, त्या खात्याला जाब विचारणारे सभागृह लागते आणि सभागृहाला जाब विचारणारे मतदार लागतात. तुमच्या भागात त्या वेळी सभागृहच नव्हते.

ग्राहकाचे बळ त्याच्या निघून जाण्यात असते. एक दुकान पटले नाही तर तो दुसऱ्यात जातो, आणि पहिल्या दुकानदाराला सुधारावे लागते. नागरिकाला असे निघून जाता येत नाही. त्याचे बळ बोलण्यात, अडून बसण्यात, पुन्हा पुन्हा विचारण्यात आहे. पैसा हाती आला की आपण सार्वजनिक व्यवस्थेतून निघून गेलो आहोत असा भास होतो. टँकर घेतला, पाणीपुरवठा खात्यातून सुटलो. खासगी शाळा घेतली, शिक्षण विभागातून सुटलो. पण ज्याला अर्ज लिहिता येतो, नियम वाचता येतो, अधिकाऱ्यासमोर न दबता बोलता येते, असा माणूस रांगेतून बाहेर पडला म्हणजे रांगेत उरतात तुमच्या संकुलाचे पहारेकरी, घरकामाला येणाऱ्या बाया आणि दारात पिशवी देऊन धावत परत जाणारी मुले. त्यांनाही तेच पाणी प्यावे लागते, आणि अर्ज घेऊन कचेरीत बसायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तुम्ही कोणाकडून फुकट काही घेत नाही असे लिहिले आहे. तुमचा आवाज मात्र तुम्ही त्यांच्यातून काढून घेतला आहे.

राजकारण्यांनी हे आपल्या आधी ओळखले. या निवडणुकीपूर्वीचे वर्षभर तुम्ही शहरात होता, तेव्हा तुम्हीही पाहिले असेल: 'खेळ पैठणीचा'चे मांडव, अष्टविनायक आणि उज्जैनच्या मोफत यात्रा, सोसायट्यांना सीसीटीव्ही, पेव्हिंग ब्लॉक, रंगकाम. सुशिक्षित मंडळी पैठणीला हसतात आणि सीसीटीव्ही घेतात. ज्याने चार वर्षे प्रतिनिधित्व मागितले नाही, त्याच्यापुढे इच्छुकाने भेटवस्तू ठेवली, यात दोष एकट्या इच्छुकाचा कसा म्हणावा? त्यात चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे रस्ता खचला तर चौघांपैकी कोणाला धरायचे हा आणखी एक घोळ. त्याविषयी लिहायचे तर वेगळा लेख होईल.

तुमच्या वडिलांची भीती कोठून आली असावी, याचा अंदाज मला त्यांच्या वयावरून करता येतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली तेव्हा ते विद्यार्थी किंवा नुकतेच नोकरीला लागलेले असतील. त्या एकवीस महिन्यांत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, एक लाखाहून अधिक माणसे खटल्याविना तुरुंगात गेली, आणि एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने असा निकाल दिला की आणीबाणी असेपर्यंत अशा स्थानबद्धतेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. आणि याच काळात शहरांतील मध्यमवर्गाच्या बैठकींत जे वाक्य सर्रास ऐकू येत असे ते म्हणजे, "काही म्हणा, गाड्या वेळेवर धावू लागल्या." कचेरीत कारकून जागेवर सापडतो, संप नाहीत, भाव स्थिर आहेत, मग तक्रार कसली, असे म्हणणारी माणसे दुष्ट नव्हती. ती राज्याकडे सेवा पुरवणारी यंत्रणा म्हणून पाहत होती आणि सेवा सुधारली होती. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखिका दुर्गाबाई भागवतांनी उघडपणे विरोध केला आणि पुढे त्या तुरुंगात गेल्या. पण दुर्गाबाई एखाद्याच असतात. बाकीच्यांनी वेळापत्रक पाहिले. "स्वातंत्र्य नको, सोयी हव्यात" हे वडिलांचे वाक्य मला त्या बैठकींचे उत्तर वाटते, पन्नास वर्षे उशिराने दिलेले आणि चुकीच्या माणसावर बरसलेले.

चुकीच्या माणसावर म्हणतो, कारण खरेदी आणि नागरिकत्व यांचे वैर मूळचे नाही; महाराष्ट्राचा अनुभव तर उलटा आहे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली ती पर्वती संस्थानाच्या, म्हणजे तिथल्या देवस्थानाच्या, कारभाराविषयीच्या असंतोषातून, म्हणजे आजच्या भाषेत अगदी स्थानिक, वॉर्डातल्या तक्रारीतून. सभासद होणाऱ्याला किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. निवडणूक नावाची गोष्ट नसताना या लोकांनी प्रतिनिधित्व स्वतः उभे केले होते. त्याच सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातमागाच्या खादीचे कपडे घालून गेले. काय विकत घ्यायचे आणि आपल्यावर राज्य कोणी, कसे करायचे, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र बांधले होते.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट; पक्ष वेगवेगळे, प्रश्न एकच की तेल, साखर, रॉकेल मिळत का नाही आणि मिळते तर या भावाने का. हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. त्या सगळ्या ग्राहकच होत्या. गोदामात साठा कोणी दडवला, पुरवठामंत्री काय करतात, हे विचारणे त्यांना स्वयंपाकघराच्या बाहेरचे काम वाटले नाही. आणीबाणीत मृणालताई तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हाची "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही पाण्यासाठी लढलेल्या मृणालताई आणि पराभूत इंदिरा गांधी यांच्यावरची घोषणा वडिलांना नक्की आठवत असेल. १९७५ मध्येच मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या मालाची एकत्र मागणी द्यायची आणि आलेला माल एकाच्या घरी बसून स्वतः वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. त्यातून स्वस्त किराणा मिळालाच, पण आपल्या मजल्यावर कोण राहते, हेही कळले. दहा मिनिटांत येणाऱ्या पिशवीने नेमके तेच काढून घेतले आहे. ती पिशवी मीही मागवतो. तिच्या मोबदल्यात शेजारी ओळखण्याची जी एक आयती संधी गेली, ती दुसरीकडून मिळवावी लागते एवढेच माझे म्हणणे आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी फार लिहीत नाही. एका मताने निकाल क्वचितच बदलतो, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात सुमारे ५४ टक्के आणि गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले, या दोन आकड्यांकडे पाहा. जिथे मतदान केंद्र संकुलाच्या फाटकापासून चालण्याच्या अंतरावर असते तिथे निम्मे घरी, आणि जिथे एप्रिलच्या उन्हात जंगलातून वाट तुडवावी लागते तिथे तीन चतुर्थांशांच्या जवळपास हजर. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या जेमतेम पाचशे वस्तीच्या गावाने "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणत ग्रामसभा चालवली, निर्णय सर्वसहमतीने घेतले आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे मत देणे हे सर्वांत सोपे काम आहे. उरलेली कामे वर्षभर चालतात. ज्यांना राज्याच्या निर्णयाचा चटका रोज बसतो त्यांना निवडणूक दुर्लक्षून चालत नाही. तुम्हाला चालते, कारण तो चटका तुम्ही तूर्त पैशाने टाळला आहे.

मग करायचे काय? देशाच्या स्वातंत्र्याचा सगळा भार डोक्यावर घेऊ नका. तसे करणारी माणसे दोन महिन्यांत थकतात आणि पुन्हा टँकरकडे वळतात. एकच विषय घ्या, आणि तुमच्या बाबतीत तो पाणी हाच असावा. तुमच्या भागात इमारतींना परवानगी देताना, सार्वजनिक पाणीपुरवठा येईपर्यंत पाणी देण्याची हमी विकसकाकडून बहुधा लिहून घेतलेली असते. तुमच्या संकुलाचे असे हमीपत्र आहे का, ते कोणी पाहिले आहे का, हे संस्थेच्या पुढच्या सभेत विचारा. नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. इमारतीची परवानगी गाव समाविष्ट होण्यापूर्वीची असेल तर अर्ज महापालिकेऐवजी पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) करावा लागू शकेल. दुसरा अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे करून तुमच्या भागातील विहिरी आणि टँकर भरणा केंद्रे यांच्या पाण्याचे गेल्या सहा महिन्यांतील तपासणी अहवाल मागा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा, नाहीतर तेवढ्यावरूनच परत येईल. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि ते करायचेच.

अहवाल हाती आला की तो संकुलाच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकून थांबू नका. शेजारच्या वस्तीतील चार जणांना बरोबर घ्या आणि तुमच्या प्रभागातून निवडून आलेल्या सदस्यांना लेखी विचारा की या पाण्याचे काय करणार, आणि महापालिका अधिनियमात तरतूद असलेली क्षेत्रसभा ते कधी बोलावणार. तुम्ही मत दिले नाही म्हणून विचारण्याचा हक्क गेला, असे समजू नका. तो गेलेला नाही, फक्त विचारताना थोडे अवघडल्यासारखे होईल. महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. त्या अर्जांत पदपथ आणि बाकडी पुष्कळ येतात. तुम्ही वस्तीच्या जलवाहिनीसाठी अर्ज करा. मतदार यादीतील तुमचे नाव अजून जुन्या पत्त्यावर असेल तर नमुना ८ भरून ते इकडे आणा, कारण नोकरीसाठी स्थलांतरित झालेल्या अनेकांचे मत गावाकडे आणि तक्रार पुण्यात असते.

राहिला वडिलांशी अबोला. तो तुम्हीच मोडायला हवा, वयाने तुम्ही लहान आहात. मतदानाच्या दिवशी सहलीला जाणे चुकले, हे त्यांना सरळ सांगा, आणि घर, शाळा, सहल यांबद्दलचे त्यांचे म्हणणे तुम्हाला पटत नाही, हेही तितकेच सरळ सांगा. एकाच्या भरात दुसरे गिळू नका. मग त्या माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवा. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी जिल्हा परिषदेशी आयुष्यभर पत्रव्यवहार केला असेल, तर खात्याला पळवाट न ठेवणारे वाक्य कसे लिहायचे, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. शब्द १५० च्या वर गेले, तर कोणते कापायचे, यावरून तुमचा पुन्हा वाद होईल. तो होऊ द्या.